बंद बंगल्यातला संगणक : बिघडला की बाधला?

लोणावळा, प्रतिनिधी

शनिवार-रविवारची गर्दी ओसरली की तुंगार्लीतील अनेक बंगल्यांना कुलूप लागते. निघताना वीजेचा मेन स्विच बंद केला जातो, खिडक्या लावल्या जातात आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा संगणक पुढच्या मुक्कामापर्यंत, कधी महिना तर कधी अख्खा पावसाळा, तसाच पडून राहतो. पुण्या-मुंबईच्या घरी नवा लॅपटॉप आला की जुना संगणक मोडीत काढण्याऐवजी ‘राहू दे लोणावळ्याला’ म्हणून इकडे धाडण्याची रीत अनेक घरांत आहे. मुलांना सुटीत खेळायला, आजोबांना भाचेमंडळींशी व्हिडिओवर बोलायला आणि कोणी बंगला भाड्याने देत असेल तर नोंदी ठेवायला तो उपयोगी पडतो. मात्र दोन महिन्यांनी कळ दाबावी तर संगणक दहा मिनिटे नुसता गुरगुरतो, बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, पडद्यावर कसल्याशा सूचना उमटतात. मग निदान ठरलेले असते : ‘व्हायरस आला.’

पूर्वी घरात काही बिनसले की बाहेरची बाधा म्हणत, तसेच हे झाले आहे. संगणकाच्या प्रत्येक दुखण्याचा ठपका विषाणूवर ठेवला जातो आणि उपायही एकच सुचवला जातो : ‘फॉरमॅट मारून टाकू.’ त्या एका वाक्यात कित्येक घरांचे लग्नाचे, बारशाचे फोटो गेले आहेत. उलटपक्षी, खरोखर बाधलेला संगणक तक्रार न करता नेटका चालत राहतो आणि घरातल्या कोणालाही संशय येत नाही. त्यामुळे काय करावे याच्याही आधी, कशाला बाधा म्हणावे हे समजून घेतले पाहिजे.

ओलाव्याचे दुखणे

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवेतील ओलावा भिंतीत, गाद्यांत, कपाटांत शिरतो, तसा तो संगणकाच्या पेटीतही शिरतो. रॅमच्या पट्टीची पिवळी टोके ज्या खाचेत बसतात तेथे हलकासा थर जमतो आणि संगणक मधेच बंद पडणे, निळा पडदा दिसणे किंवा सुरू होताना नुसत्याच बीप वाजणे असे प्रकार घडतात. दुरुस्ती करणारे कारागीर ही पट्टी काढून तिची टोके शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासतात आणि पुन्हा बसवतात. दिसायला हा उपाय पोरकट वाटतो, पण बहुतेक वेळा लागू पडतो. अशा संगणकावर कितीही विषाणूप्रतिबंधक कार्यक्रम चालवले तरी काही सापडणार नाही, कारण तेथे सापडण्याजोगे काही नसतेच.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. बाजारात ती ‘सीआर २०३२’ या नावाने मिळते. संगणक बंद असताना तारीख आणि वेळ चालू ठेवण्याचे काम ती करते. भिंतीतला वीजपुरवठा सुरू असेल तर तिच्यावर फारसा भार पडत नाही. बंगल्याचा मेन स्विचच महिनोन्महिने बंद असला की सारा भार तिच्यावर येतो आणि ती लवकर संपते. मग संगणक सुरू होताना त्याच्या लेखी चार-आठ वर्षांपूर्वीची कुठली तरी तारीख असते. बँकेच्या किंवा ई-मेलच्या सुरक्षित संकेतस्थळांकडे ओळखपत्रासारखे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य’ अशी मुदत असते. संगणकाचे घड्याळच चुकलेले असल्याने त्याला ते प्रमाणपत्र अग्राह्य वाटते आणि ब्राऊजर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा लाल इशारा देतो. घरातले घाबरतात. वास्तविक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहिली असती तर अल्पशा किमतीच्या बॅटरीवर काम भागले असते. मात्र तारीख बरोबर असूनही असा इशारा येत असेल तर तो गांभीर्याने घ्यावा आणि ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय निवडू नये.

तिसरे कारण निव्वळ उशिराचे. दोन महिने झोपलेला संगणक जागा झाला की विंडोजचे साठलेले अपडेट, विषाणूप्रतिबंधकाची नवी यादी, ब्राऊजरची नवी आवृत्ती आणि फायलींची अनुक्रमणिका ही सारी कामे एकदम हाती घेतो. हार्ड डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसते आणि साधे पत्र उघडायलाही पाच मिनिटे लागतात. अशा वेळी त्याला दोन तास नुसता चालू ठेवावा, एकदा रिस्टार्ट करावा आणि मग मत बनवावे. त्यानंतरही डिस्क तशीच घरघरत असेल किंवा आतून ‘टक-टक’ असा आवाज येत असेल, तर ती डिस्क अखेरच्या घटका मोजत असण्याची शक्यता मोठी. अशा डिस्कवर संपूर्ण तपासणी लावणे म्हणजे आजारी माणसाला पर्वतीच्या पायऱ्या चढायला लावणे होय. तेथे पहिले काम फायली बाहेर काढण्याचे. बाकी सारे नंतर.

खरी बाधा कशी ओळखावी?

काही खुणा मात्र ओलाव्याने किंवा म्हातारपणाने उमटत नाहीत. विषाणूप्रतिबंधक कार्यक्रम आपोआप बंद होतो आणि सुरू केला तरी पुन्हा बंद पडतो. सर्व संकेतस्थळे उघडतात, पण विषाणूप्रतिबंधक कंपन्यांची आणि मायक्रोसॉफ्टची तेवढी उघडत नाहीत. २००८च्या अखेरीस पसरलेल्या कॉनफिकर या विषाणूची ही ठळक खूण होती. ब्राऊजरचे पहिले पान परस्पर बदलते. परिचितांचे फोन येतात की तुमच्या ई-मेलवरून विचित्र दुवा आला आहे. फायलींच्या नावापुढे अनोळखी शेपूट लागते आणि त्या उघडत नाहीत. कोणी काही करत नसताना पंखा जोराने फिरतो आणि प्रोसेसर ऐंशी-नव्वद टक्के राबत असतो. दूरच्या कोणासाठी तो आभासी चलनाची गणिते सोडवत असू शकतो.

पेन ड्राइव्हचा जुना खेळही या भागात अनेकांच्या स्मरणात असेल. सायबर कॅफेतून किंवा झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर’ नावाचे पिवळे चित्र दिसे. ते फोल्डर नसून फोल्डरचे चित्र लावलेला कार्यक्रम असे आणि विंडोज फायलीचे शेपूट मुळातच लपवत असल्यामुळे फरक कळत नसे. पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील कार्यक्रम आपोआप चालवण्याची विंडोजची सवय अशा विषाणूंच्या पथ्यावर पडली. विंडोज ७मध्ये ती सवय काढली गेली आणि जुन्या आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने २०११च्या फेब्रुवारीत तसा अपडेट दिला. तरीही पेन ड्राइव्हवरील सर्व फोल्डर ‘शॉर्टकट’ होऊन बसण्याचा प्रकार पूर्णपणे संपलेला नाही. त्यात मूळ फायली बहुधा नष्ट झालेल्या नसतात, लपवलेल्या असतात. घाईने पेन ड्राइव्ह फॉरमॅट करणारा आपल्याच हाताने नुकसान करून घेतो.

एका गोष्टीबद्दल मात्र घबराट निष्कारण असते. पडद्याच्या कोपऱ्यात दर मिनिटाला ‘तुमच्या संगणकात पाच विषाणू आहेत’ अशी चौकट उमटते, तेव्हा बऱ्याचदा संगणकात एकही विषाणू नसतो. कधी तरी एखाद्या संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ असे विचारले आणि घरातल्या कोणी तरी ‘अलाऊ’वर टिचकी मारली, एवढेच घडलेले असते. ब्राऊजरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन’ या सदरात जाऊन त्या संकेतस्थळाची परवानगी काढून घेतली की चौकटी थांबतात. याच कुळातली दुसरी चाल म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारा, भोंगा वाजवणारा आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने दूरध्वनी क्रमांक देणारा इशारा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन करण्यासाठी क्रमांक कधीच नसतो. त्या क्रमांकावर फोन करणारा माणूस स्वतःच संगणकाची किल्ली चोराच्या हाती देतो : समोरचा दूरस्थ जोडणीचा कार्यक्रम उतरवायला लावतो आणि मग बँकेचे खाते त्याच्यासमोर उघडे असते.

सर्वांत धोकादायक प्रकार मात्र निःशब्द आहे. ब्राऊजरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या खुणा गोळा करून बाहेर पाठवणारे कार्यक्रम आपले काम काही मिनिटांत उरकतात. काही तर नंतर स्वतःला पुसूनही टाकतात. संगणक मंद होत नाही, जाहिराती येत नाहीत. घरात शिरलेला चोर भांडी वाजवत नाही. तेव्हा ‘संगणक छान चालतो आहे, म्हणजे काही नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची ई-मेल किंवा न मागता आलेला ओटीपी ही अशा वेळी एकमेव खूण असू शकते.

आधी तार काढा

बाधा झाल्याचा सबळ संशय आला की पहिली कृती एकच : संगणक इंटरनेटपासून तोडावा. तार असेल तर ती उपसावी, वाय-फाय असेल तर बंद करावे. त्यामुळे बाहेर जाणारी माहिती थांबते आणि त्याच वाय-फायवरील घरातील इतर यंत्रांकडे होणारा प्रसारही अडतो. डोळ्यांदेखत फायलींची नावे बदलत असतील तर विचार करत न बसता चालू-बंदची कळ सात-आठ सेकंद दाबून धरावी आणि संगणक सरळ बंद करावा. एरवी असे करणे योग्य नव्हे. पण खंडणीखोर कार्यक्रम एकेक फाईल कुलूपबंद करत पुढे सरकतो, त्यामुळे वाचलेले प्रत्येक मिनिट म्हणजे वाचलेले फोटो.

दुसरी कृती संगणकावर करायचीच नाही. मोबाइलवर, घरच्या वाय-फायऐवजी मोबाइलच्या डेटावरून, प्रथम ई-मेलचा पासवर्ड बदलावा. बँकेच्या आधी ई-मेल का? कारण इतर बहुतेक खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ हे उत्तर ई-मेलवरच येते. ज्याच्या हाती ई-मेल, त्याच्या हाती सारे घर. पासवर्ड बदलताना ‘सर्व यंत्रांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरावा. अन्यथा चोरलेल्या लॉगिनच्या खुणेवर चोर नव्या पासवर्डनंतरही आतच राहू शकतो. त्यानंतर बँक, मग बाकीची खाती. ही पायरी वगळून थेट ‘व्हायरस स्कॅन’ लावणारे बरेच असतात. त्यांचा संगणक संध्याकाळपर्यंत स्वच्छ होतो आणि खाते रात्री रिकामे होते.

यानंतर वही घ्यावी आणि त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काय उतरवले, कोणाचा पेन ड्राइव्ह लावला, कोणती जोडफाईल उघडली हे लिहून काढावे. घरात मुले असतील तर त्यांना रागावण्याआधी विचारावे. रागावल्यावर खरे उत्तर मिळत नाही. फुकटात मिळालेला खेळ किंवा ‘क्रॅक’ केलेला महागडा कार्यक्रम हे उत्तर आले तर अर्धा तपास तेथेच झाला असे समजावे.

महत्त्वाच्या फायलींची प्रत कोठे नसेल तर आता ती काढावी, पण त्यात मेख आहे. खंडणीखोर कार्यक्रमाचा संशय असताना बाहेरची हार्ड डिस्क त्या संगणकाला जोडली तर तीही कुलूपबंद होऊ शकते. त्यापेक्षा दुसऱ्या स्वच्छ संगणकावर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून बाधित संगणक त्यावरून सुरू करावा. विंडोज झोपलेलेच राहते, त्यातील विषाणूही झोपलेला राहतो आणि फोटो व कागदपत्रे शांतपणे उचलून घेता येतात. उचलताना फोटो, पत्रे, हिशेब एवढेच घ्यावे. कार्यक्रमांच्या फायली घेऊ नयेत.

आता तपासणी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि संगणक कशात गुंतला आहे हे दिसते. येथे अनोळखी नाव दिसले की त्याला चोर ठरवण्याचा मोह आवरावा. ‘एसव्हीसी होस्ट’ हे नाव दहा-वीसदा दिसले तरी ते विंडोजचेच अंग असते. संशय आला तर त्या नावावर उजवी टिचकी मारून फाईल कोठे आहे ते पाहावे. विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरात असेल तर बहुधा ठीक. तेच नाव घेऊन डाउनलोड किंवा तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात बसलेले असेल तर तो तोतया आहे. ‘स्टार्टअप’ या सदरात संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते, तीही वाचावी. ब्राऊजरमधील ‘एक्स्टेन्शन’ची यादी तपासावी, ज्यांची आठवण कोणालाच नाही ती काढून टाकावीत. जाहिरातींचा उपद्रव कित्येकदा एवढ्यानेच थांबतो.

विंडोज १० आणि ११मध्ये डिफेंडर हा विषाणूप्रतिबंधक आधीच बसवलेला असतो. त्याची यादी ताजी करण्यासाठी थोडा वेळ इंटरनेट जोडावे लागते. पासवर्ड बदलून झाले असतील तर तेवढी जोखीम घेता येते. ती नको असेल तर दुसऱ्या संगणकावरून ‘मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर’ पेन ड्राइव्हवर आणावा. हा उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो, म्हणून गेल्या वर्षीचा जपून ठेवलेला कामाचा नाही. डिफेंडरच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाचा एक पर्याय असतो आणि तो फार थोडे जण वापरतात. त्याचे मर्म असे : विंडोजच्या मुळाशी जाऊन बसलेला विषाणू विंडोजलाच खोटी माहिती पुरवतो, म्हणजे तपास अधिकाऱ्याने आरोपीलाच पंचनामा लिहायला सांगितल्यासारखे होते. ऑफलाइन स्कॅनमध्ये संगणक रिस्टार्ट होतो आणि नेहमीचे विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी होते. पाऊण तास-तासभर हाताशी ठेवून बसावे. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ती संपते.

एका संगणकावर कायम चालणारे दोन विषाणूप्रतिबंधक ठेवू नयेत. ते एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक रांगू लागतो. दुसरे मत हवे असेल तर एकदा चालवून काढून टाकण्याचे साधन घ्यावे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर अशी साधने विनामूल्य मिळतात. पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सी-डॅकचे साधनही त्याच उपक्रमातले. सरकारी गोष्ट म्हणून तिकडे न फिरकण्याचे कारण नाही.

सर्व स्वच्छ निघाले तरी बँकेचे नाव टाकल्यावर भलतेच पान उघडत असेल तर दोष राउटरमध्ये असू शकतो. कोणत्या नावाला कोणता पत्ता हे सांगणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, राउटरमध्ये बदलली की घरातील प्रत्येक यंत्र चुकीच्या दारात जाते. ‘डीएनएस चेंजर’ या विषाणूने हीच युक्ती जगभर वापरली होती. त्याचे सर्व्हर ताब्यात घेतल्यानंतर अमेरिकेच्या एफबीआयने ते तात्पुरते चालू ठेवले आणि ९ जुलै २०१२ रोजी बंद केले, कारण तसेच बंद केले असते तर लाखो घरांचे इंटरनेट एका क्षणात थांबले असते. बंगल्यातील राउटर बसवल्या दिवसापासून ‘अ‍ॅडमिन’ याच पासवर्डवर चालत असेल, आणि भाडेकरू पाहुण्यांना वाय-फाय खुले असेल, तर तो रीसेट करून नवा पासवर्ड घालणे हे संगणक साफ करण्याइतकेच निकडीचे आहे.

फॉरमॅट मारावा कधी?

दोन वेगळ्या साधनांनी तपासूनही खुणा टिकून असतील, किंवा पासवर्ड चोरणारा कार्यक्रम सापडला असेल, तर विंडोज नव्याने घालणे हाच भरवशाचा मार्ग. विषाणू काढला म्हणजे त्याने मागे ठेवलेले चोरदरवाजेही बुजले, असे खात्रीने म्हणता येत नाही. फॉरमॅट हे औषध चुकीचे नाही. ते पहिले औषध नव्हे, इतकेच. विंडोज १० व ११मध्ये ‘रीसेट धिस पीसी’ या मार्गाने, ‘क्लाउड डाउनलोड’ निवडून, ताजी प्रत थेट मायक्रोसॉफ्टकडून आणता येते. विकत घेतलेल्या संगणकाचा परवाना बहुधा त्याच्या मदरबोर्डशी निगडित असल्याने नवा खर्च येत नाही.

येथे एक सावधगिरी स्पष्टपणे सांगायला हवी. काही ठिकाणी काही शे रुपयांत ‘विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरस सगळे टाकून देतो’ असे सांगितले जाते. ते ‘सगळे’ एका पेन ड्राइव्हमधून येते आणि परवान्याची अट चुकवण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाचा कार्यक्रम चालवला जातो. तो चालण्यासाठी आधी विषाणूप्रतिबंधक बंद करावा लागतो. बाधा काढण्यासाठी नेलेला संगणक नवी बाधा घेऊन परत येण्याची वाट हीच. ‘स्टॉप-जाव्हू’ या खंडणीखोर कार्यक्रमांच्या कुळाने घरगुती वापरकर्त्यांना वर्षानुवर्षे छळले, ते मुख्यतः असल्याच क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरांच्या आडून. दुकानदाराकडून पावती मागावी आणि परवाना कोणाच्या नावावर आहे हे विचारावे. प्रामाणिक कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

फायली कुलूपबंद झाल्याच असतील तर खंडणी भरू नये. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी नसते. डच पोलीस, युरोपोल आणि संगणक सुरक्षेतील कंपन्यांनी २०१६च्या जुलैमध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात अनेक जुन्या प्रकारांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात. स्टॉप-जाव्हूच्या बऱ्याच आवृत्त्यांसाठी २०१९च्या ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्टने किल्ली उपलब्ध केली. आज किल्ली नसेल तरी कुलूपबंद फायली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात; पुढेमागे ती निघू शकते.

घाटाखाली आणि पुण्यात

‘आमच्या जुन्या संगणकात कोणाला काय रस?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. विषाणू दार पाहून शिरत नाही. उघडे दिसेल ते दार त्याला चालते. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने ज्या फटीतून प्रवेश केला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी तो घेतला त्यांचे दार बंद होते. दोन महिने बंद राहणाऱ्या बंगल्यातील संगणकासाठी हा हिशेब बोलका आहे.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला नॉटपेट्या जगभरच्या कंपन्यांत शिरला. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. बोरघाट उतरून कंटेनर जेथे जातात, तेथपर्यंत ही साखळी पोचली.

पुण्याचा अनुभव याहून कडू. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, बँकांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसवलेल्या घातक कार्यक्रमाच्या बळावर २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. एटीएमकडून येणाऱ्या विनंत्यांना बँकेऐवजी भलतीच यंत्रणा ‘मंजूर’ असे उत्तर देत होती. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवण्यात आले. भारतात काढलेल्या रकमेसह एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांवर गेला. या प्रकरणी २०२३च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. ते बहुतांशी एटीएममधून पैसे काढणारे हस्तक होते.

याच पुण्यात विषाणूवरचे उत्ताराही घडले. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातील कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनीच आजारी असल्याचे दिसल्यावर मॉडर्न महाविद्यालयात शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचे कार्यक्रम लिहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले आणि २०१६मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

तक्रार कोठे?

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी ती गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. केंद्रीय गृह खात्याच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद संकेतस्थळावरही तक्रार करता येते आणि लोणावळा शहर पोलीस ठाण्यातही. बँकेला लेखी कळवणे तितकेच महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने असे ठरवले की दोष ग्राहकाचा नसेल आणि त्याने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही. ओटीपी किंवा पासवर्ड स्वतःच सांगितला असेल तर कळवण्यापूर्वीचे नुकसान मात्र ग्राहकाचे. संगणकात विषाणू सोडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, वा दोन्ही, अशी तरतूद आहे. तक्रारीसाठी पडद्याचे फोटो, खंडणीची चिठ्ठी आणि व्यवहारांचे संदेश लागतात. म्हणून फॉरमॅटपूर्वी ते मोबाइलने टिपून ठेवावेत.

बंगल्यातील संगणकावर अजून विंडोज ७ असेल तर त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबले आहेत. विंडोज १०चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची असून तीसाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर चढत नाही. अशा संगणकावर लिनक्स घालावे, अथवा तो इंटरनेटविना केवळ गाणी आणि जुने फोटो पाहण्यापुरता ठेवावा. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क पुण्या-मुंबईच्या घरी न्यावी. आणि पावसाळ्यात मेन स्विच बंद करण्यापूर्वी संगणकाच्या पेटीवर प्लॅस्टिकचे आवरण घट्ट बांधू नये. आतला ओलावा त्यामुळे आतच कोंडतो. सुती कापड पुरते.